उशाशी एकानं बसायचं

१

गुटोर्म घरातल्या कुठल्याही खोलीत शिरण्याआधी चौकटीवर दोनदा टकटक करतो. कोठीची खोली असो, होडीघर असो, आत चिटपाखरू नसलं तरी. लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, काय सभ्य नवरा मिळालाय! पुढं कळलं की सभ्यतेचा काही संबंध नाही, ही वॉलरसांपायी लागलेली सवय आहे. भूल दिलेल्या वॉलरसाच्या उशाशी जाताना तो आधी दगडावर दगड दोनदा वाजवतो. मी आलोय, घाबरू नकोस, असा त्याचा अर्थ. बायको आणि टनभर वजनाचं जनावर या दोघांशी सारखंच वागणारा माणूस आहे तो, पण वागण्यात माया भरपूर, म्हणून मी कधी तक्रार केली नाही.

आम्ही उत्तर ध्रुवाजवळच्या, नॉर्वेच्या स्वालबार बेटांवर राहतो. मी सुन्निवा, जनावरांची डॉक्टर. गुटोर्म वॉलरसांचा अभ्यास करतो, आणि आयलर्ट आमची होडी चालवतो व बंदूक घेऊन अस्वलांवर नजर ठेवतो. उन्हाळ्यात आम्ही तिघं किनारे धुंडाळतो. पाण्यापासून लांब, निवांत पहुडलेला वॉलरस दिसला तरच मी भुलीची सुई झाडते. औषध चढत असताना तो पाण्यात शिरला तर बुडून मरतो, म्हणून घाई करून चालत नाही. तो निपचित पडला की रक्त घ्यायचं, चरबीचा तुकडा घ्यायचा, सुळ्यावर ठावठिकाणा कळवणारं यंत्र बसवायचं, उतारा टोचायचा आणि बाजूला व्हायचं.

खरी भीती श्वासाची असते. भूल चढली की बुडी मारणारं जनावर श्वास रोखून धरतं. गुटोर्म म्हणतो, "झोपत नाहीत गं ते. खाली जातात. खाली गेलेल्याला वर कुठं आहे ते कळत नाही, त्याला आवाज द्यावा लागतो."

म्हणून आमचा नियम असा की उशाशी एकानं बसायचं. नाकपुड्यांवर तळवा ठेवायचा. श्वास आला की "आला" असं मोठ्यानं म्हणायचं. उतारा दिल्यावर त्याच एकानं, जनावराचं नाव घेऊन, हाक मारत राहायचं. बाकीच्यांनी तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि जनावर डोकं उचलेपर्यंत तळवा काढायचा नाही, आभाळ कोसळलं तरी. तळव्याचं आणि श्वासाचं मला पटतं. हाकेला शास्त्रात काडीचाही आधार नाही, हे मी गुटोर्मला शंभरदा ऐकवलंय. त्यानं हाक मारणं सोडलं नाही आणि मी ते बंद पाडलं नाही.

नावं तोच ठेवतो, त्याच्या गोतावळ्यातली. त्या वर्षीच्या जुलैत ज्याला भूल दिली त्याच्या मिशा पाहून तो म्हणाला, "हे तर आमचे टोल्लेफकाका!"

२

त्या दिवशी सगळं कसं सुरळीत पार पडलं होतं. टोल्लेफकाकांच्या सुळ्यावर यंत्र बसलं. मी उतारा टोचला आणि सामान उचलायला लागले. गुटोर्म उशाशी बसला होता. हाक मारायच्या आधी त्याला दिसलं की भुलीची सुई अजून खांद्याच्या वळीत अडकलीय, तशी त्यानं दुसऱ्या हातानं ती ओढली.

"सुन्निवा," तो म्हणाला, "मला टोचलंय."

दूध आणायचं राहिलं असं सांगावं, तसं म्हणाला. आणि कलंडला.

त्या औषधाचा जेमतेम एक थेंब माणसाला पुरतो. म्हणून माणसाचा उतारा मी कायम छातीवरच्या खिशात ठेवते, अंगाच्या उबेनं गोठू नये म्हणून. तो मी त्याच्या मांडीत खुपसला, त्याला काखेत धरून खडीवरून मागं ओढलं, आणि ओरडले, "आयलर्ट, उशाशी बस! डोकं मोकळं सोडू नकोस!" कारण काका आता कुठल्याही क्षणी जागे झाले असते, आणि जागं होता होता त्यांनी झोकांडी दिली असती तर आमच्यातलं कोणीतरी चेंगरलं असतं.

आयलर्ट धावत येऊन बसला. तळवा त्यानं बरोबर काकांच्या नाकपुड्यांवर ठेवला. पण डोळे होते गुटोर्मवर. गुटोर्म त्याचा वीस वर्षांपासूनचा दोस्त, ओठ निळे पडलेला, आणि मी त्याच्या तोंडाला तोंड लावून हवा भरतेय. आयलर्टच्या तोंडून दुसरं नाव निघणार कसं?

"गुटोर्म! अरे गुटोर्म, वर ये! ए गाढवा, वर ये की!"

वॉलरसानं डोकं उचललं. त्यानं आयलर्टकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग मान वळवून आपल्याच पाठीकडं बराच वेळ पाहत राहिला. पाण्याकडं निघाला तेव्हा इतका धडपडत होता की आयलर्टला वाटलं मागचं एखादं वल्हं मोडलंय. वॉलरसाच्या पायांना आयलर्ट वल्ही म्हणतो.

गुटोर्मनं मात्र उशिरा डोळे उघडले. माझं तोंड हवा भरण्यात गुंतलं होतं, आणि आयलर्टचा घसा बसला होता. गुटोर्म वर आला तेव्हा त्याला कोणीच हाक मारत नव्हतं.

पुढं महिनाभर तो प्रसंग आठवून आम्ही हसत होतो. आयलर्ट म्हणायचा, "हाक मी नवऱ्याला मारली आणि ओ दिली काकांनी!" मीसुद्धा हसायचे.

३

मुख्य भूमीवरच्या डॉक्टरांनी गुटोर्मला तपासून ठणठणीत म्हणून परत पाठवलं. घरी आला आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन बसला.

टकटक न करता.

दमलाय, मी मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी पाठमोरी भांडी घासत असायचे आणि वळून पाहावं तर हा दारात उभा, कधीपासून कोण जाणे. पायांचा आवाज नाही, कसलाच आवाज नाही. त्यातलं नेमकं काय खटकतंय हे मला न्याहारीला कळलं. मी पावावर ब्राऊन चीज ठेवून खात होते, तो समोर बसून माझ्याकडं प्रेमानं बघत होता, आणि त्याची छाती हलत नव्हती. माझा पाव संपला. मी कॉफी ओतली. तेव्हा कुठं त्यानं एक लांबलचक श्वास सोडला, चार-पाच भराभर घेतले, आणि पुन्हा स्तब्ध झाला.

"असा काय श्वास घेतोयस रे?" मी विचारलं.

"कसा?"

"घेतच नाहीयेस."

"घेतो की," तो हसून म्हणाला, "लागेल तेव्हा."

मी डॉक्टर आहे, जनावरांची का होईना. मेंदूला काही काळ हवा मिळाली नाही तर श्वासाची लय बिघडते, हे मला ठाऊक आहे. रक्तातला प्राणवायू मोजणारं यंत्र मी त्याच्या बोटाला लावलं, आकडे उत्तम होते. हे मी स्वतःला समजावलं आणि समजलेही. फक्त रविवारी दुपारी जेवून दोघं आडवे झालो की मला झोप लागत नसे. खिडकीला काळी फळी लावलेली, कारण आमच्याकडं त्या दिवसांत सूर्य मावळत नाही. त्या अंधारात मी कान देऊन पडायचे. शांतता इतकी लांबायची की माझाच श्वास कोंडायचा. मग एक फुत्कार यायचा, आणि मला सुटल्यासारखं व्हायचं.

यात एक गोष्ट लपवून ठेवावीशी वाटते, पण सांगते. तो वागायला फार गोड झाला होता. माझा गुटोर्म पलंगाच्या कडेला, पाठ करून झोपणारा. हा अंगाला अंग लावून, सगळा भार माझ्यावर टाकून झोपायचा. अंग भट्टीगत तापलेलं. थंडीनं कायम गारठलेली माझी पावलं इतक्या वर्षांत पहिल्यांदा उबदार झाली. जेवण झालं की हनुवटी टेबलावर टेकवून माझ्या बडबडीकडं बघत बसायचा. शीळ मात्र एकदाही घातली नाही त्यानं. आधी भांडी पुसताना शीळ घालून डोकं उठवायचा माझं, आणि मी ओरडायचे. आता घर शांत होतं, आणि मला ती शीळ हवी होती.

४

काकांचं यंत्र रोज आपला ठावठिकाणा कळवत होतं. पडद्यावर नकाशा आणि त्यावर एक लाल ठिपका. वॉलरस जिथं शिंपले मिळतात तिथं घुटमळतात. हा ठिपका कुठं घुटमळत नव्हता. किनाऱ्याकिनाऱ्यानं, थांबत थांबत, तो आमच्या खाडीकडं येत होता.

आयलर्ट वाफाळता मग हातात घेऊन पडद्याशी वाकला. "डॉक्टरीणबाई, तुमचे सासरकडचे पाहुणे निघालेत हो. वॅफल करून ठेवा."

"तूच आमंत्रण दिलंयस, तूच वाढ त्यांना."

"मी तर तुमच्या नवऱ्याला बोलावलं होतं," तो म्हणाला, आणि या वेळी त्याचं हसू मध्येच कुठंतरी अडकलं. मग तो म्हणाला, "सुन्निवा, एक विचारू? काल गुटोर्म होडीघरात आला. मी त्याच्या हातात सुतळी दिली, गाठ मार म्हणून. हातातल्या सुतळीकडं नुसता बघत राहिला. मी विषय बदलला."

"आजारातून उठलाय तो."

"तसंच असेल," आयलर्ट म्हणाला.

त्या संध्याकाळी मी कॉफी करत होते. गुटोर्म माझ्या मागं, नेहमीप्रमाणं बिनआवाजाचा. माझ्या डोक्यात काय आलं ठाऊक नाही; थट्टा करावी असंच वाटलं असेल. मागं न बघता मी म्हटलं, "टोल्लेफकाका, कॉफी घेणार का?"

"हो," तो म्हणाला.

मी वळले. त्याचा चेहरा असा उजळला होता की माझ्याच्यानं बघवेना. परक्या गावात कोणीतरी आपलं नाव घ्यावं, तसा. किती दिवस वाट पाहत होता कोण जाणे. किटली कशीबशी खाली ठेवून मी कोठीत जाऊन उभी राहिले, बटाट्यांच्या पोत्याला धरून.

आणि तेव्हाच होडीघराकडून आवाज आला. आमचं होडीघर निम्मं पाण्यावर आहे, खांबांवर. त्याच्या जमिनीखालून, पाण्यातून, कोणीतरी फळीवर दोनदा ठोकलं.

वॉलरस ठोकल्यासारखे आवाज काढतात, हे मी स्वतः लोकांना सांगते. पण ते आवाज माळेनं येतात, एकामागून एक. हे दोनच होते. मग थांबणं. मग पुन्हा दोन. आत येऊ का, असं विचारणारे.

मी त्या दिवशी आमच्या कोठीत उभं राहून रडले. भीतीनं नव्हे. मला माझा नवरा परत हवा होता, आणि तो दाराशी उभा होता.

५

सकाळी वॉलरस होडीघरापुढच्या खडीवर पसरला होता. दुपारपर्यंत अर्धा गाव फोटो काढायला जमला. सरकारी कचेरीतून फोन आला की कोणीतरी चिरडलं जायच्या आत याला भूल द्या आणि पलीकडच्या किनाऱ्यावर हलवा. त्यांनी फोन केला नसता तरी मी सुई भरणारच होते, हे मी कोणाला सांगितलं नाही.

सामान काढताना गुटोर्म माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्याला गुटोर्म म्हणायचं की नाही मला कळत नव्हतं, पण चेहरा त्याचा होता, आणि मी त्याच्यासाठी विणलेला स्वेटर अंगात होता.

"नको देऊस त्याला भूल," तो म्हणाला.

"का?"

"मग तू हाक मारशील."

"मारायलाच लागते. नियम आहे."

तो श्वास घेत नव्हता. मग त्यानं माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, हलकेच, मोडेल की काय अशा बेतानं. "इथं ऊब आहे गं," तो म्हणाला. "खाली काय असतं, ते मी तुला सांगितलं नाही. सांगणारही नाही."

मी हात सोडवून घेतला. 

आयलर्टनं लोकांना पिटाळून लांब उभं केलं. मी सुई झाडली. वॉलरस पाण्याकडं वळला नाही, हललाही नाही. मान माझ्या दिशेला वळवून, स्वतःहून डोकं खडीवर टेकवून, वाट बघत पडला. माझ्या हातानं इतक्या जनावरांना भूल दिली, असं कोणी कधी केलं नव्हतं.

मी दगडावर दगड दोनदा वाजवला आणि उशाशी बसले. तळवा नाकपुड्यांवर ठेवला. "आला," मी म्हटलं. मग श्वास थांबला. मागं खडी वाजली. मान वळवून पाहिलं तर गुटोर्म खाली बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून. त्याची छातीही हलत नव्हती.

"उतारा टोच," मी आयलर्टला म्हटलं. सिरिंज मी आधीच भरून त्याच्याकडं दिली होती.

"लगेच? अजून त्याला हलवायचं राहिलंय की."

"आयलर्ट, टोच म्हणते ना!"

त्यानं टोचलं. माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि मी कोणतं नाव घेणार ते त्याला कळलं असावं, कारण त्यानं टोपी काढून छातीशी धरली.

"गुटोर्म," मी म्हटलं. "अरे गुटोर्म, वर ये. मी आहे. वर ये."

तळव्याखाली काही नाही. मी हाक मारत राहिले. त्याची शीळ मला चालेल म्हटलं, रोज चालेल. पलंगाच्या कडेला झोप म्हटलं, पाठ करून झोप. आयलर्ट समोर उभा राहून ऐकत होता आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मग तळव्याखालून एक मोठा, गरम उसासा निघून गेला. आत आला नाही, नुसता गेला. आणि माझ्या मागं कोणीतरी जोरात, घरघरत, बुडता बुडता वाचलेल्यानं घ्यावा तसा श्वास ओढला, आणि खोकायला लागलं. खोकता खोकता त्यानं एक दगड उचलला आणि दुसऱ्यावर आपटला. दोनदा.

तळवा माझा वॉलरसाच्या नाकावर होता. त्याचे डोळे उघडे होते. कॉफी विचारली तेव्हा पाहिलं होतं, तसंच माझ्याकडं पाहत होता. त्याचं नाव घ्यायचं राहिलं होतं. एवढंच करायचं होतं मला, तळवा न उचलता आणखी एका नावानं हाक मारायची होती. जनावर डोकं उचलेपर्यंत.

"सुन्निवा," मागून गुटोर्म म्हणाला, त्याच्या आवाजात, दातांवर दात वाजत. "अगं, किती गार आहे!"

आणि मी हात उचलला. उठले आणि त्याच्याकडं धावले. कुठलीही बायको धावली असती.

आम्ही दोघं एकमेकांच्या गळ्यात पडलेलो असतानाच आयलर्ट ओरडला. वॉलरस पाण्यात गेला होता. डोकं न उचलताच गेला असावा; खडीवर घसरल्याचा माग होता, आवाज कसलाच झाला नव्हता. आयलर्ट म्हणतो, त्यानं तो जाताना पाहिलाच नाही, फक्त जागा रिकामी पाहिली. लाल ठिपका आमच्या खाडीच्या मधोमध गेला आणि तिथंच विझला.

६

गुटोर्म आता बरा आहे. चौकटीवर टकटक करतो, शीळ घालतो, भांडी पुसताना एखादी बशी फोडतो. श्वास नियमित आहे. मी तपासते, आणि त्यावरून तो मला छळतो. उन्हाळ्यातलं त्याला काही आठवत नाही. एकदाच विचारलं त्यानं, जेवताना.

"मी आजारी होतो तेव्हा कसा होतो गं?"

"चांगला होतास."

"म्हणजे आता नाही?"

"तेव्हा माझे पाय गरम राहायचे," मी म्हटलं. तो हसला. मग माझा चेहरा पाहून हसायचा थांबला आणि ताटातला मासा चिवडत बसला.

आमच्या गावात घरांना कुलूप लावत नाहीत. अस्वल आलं तर वाटेवरच्या माणसाला कुठल्याही घरात शिरता यावं म्हणून. परवा गुटोर्म कडी घेऊन आला आणि दाराला बसवायला लागला. का, ते त्याला सांगता येईना. "उगाच," म्हणाला. "मधून मधून वाटतं, दारात कोणीतरी उभं आहे."

"ऐकू येतं काही?"

"नाही ना. तेच तर. काहीच ऐकू येत नाही."

मी त्याच्या हातातून कडी काढून घेतली आणि कोठीत, बटाट्यांच्या पोत्यामागं ठेवून दिली. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू. स्वयंपाकघरात पाठमोरी असले की मी मान वळवत नाही. कॉफी मात्र एक कप जास्तच होते माझ्या हातून.

कारण टोल्लेफकाकांना हाक मारायची राहिली, हे खरं. पण पहिल्यांदा किनाऱ्यावर तो गुटोर्मच्या अंगात वर आला, तेव्हाही त्याला कोणीच हाक मारत नव्हतं.